डिझेलची वही

याबाच्या त्या गल्लीत कुठली कंपनी जगणार
हे सगळ्यांत आधी सिकिरूला कळायचं.
त्याच्याकडे वही होती, दोनशे पानी,
पुठ्ठ्यावर ग्रीसचा अंगठा,
आत नावं. कंपन्यांची नव्हे, जनरेटरांची.
'पिवळा, जिन्याखालचा.'
'खोकणारा, शिंप्याच्या वरचा.'
'ओबियागेलीचा लहान. उधारी चार कॅन.'

तेव्हा केबल यायची होती.
मग एका कोरड्या जानेवारीत,
वाळवंटाची धूळ दातांत करकरत असताना
खणणारे आले, नारिंगी नळी पुरून गेले,
आणि नळीच्या मागोमाग भाडी आली.
छापखाना गेला.
शवपेट्या करणारा सुतार गेला.
त्याच्या गाळ्यात आता मऊ गोल गाद्या आहेत,
त्यांवर लोळून पोरं कोड लिहितात,
त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही.

सिकिरू टिकला, कारण वीज जायचीच.
गेली की सगळी गल्ली घोटभर गप्प,
आणि मग दोऱ्या ओढल्याचे आवाज,
इकडून, तिकडून, वरून.
स्टुलावर बसून तो मोजायचा:
दामिलारेचा लागला.
शिंप्यावरचा खोकला, खोकला, धरला.
तिसऱ्या मजल्यावर आज कुणीच ओढलं नाही.
त्या नावापुढे तो एक ठिपका द्यायचा.
गुंतवणूकदारांना हे सहा आठवड्यांनी कळायचं,
कधी कधी मालकालासुद्धा.

"हा ठिपका कसला, बाबा?"
ओबियागेलीनं विचारलं होतं,
फिल्टर उघडलेला, लॅपटॉप मांडीवर विझलेला,
उकडलेलं मक्याचं कणीस अर्धं खाऊन झालेलं.
तो म्हणाला, "ह्याला आता मागायचं नाही."
"पैसे?"
"पैसे. आणि 'कसं चाललंय' हेही."
ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली.
कणसाची ताटं मुंग्यांनी नेली.

पुढल्या वर्षी तिची कंपनी फोनवर उधारी लिहायला लागली.
टायरवाल्यांची, भाजीवालींची, औषधवाल्यांची,
अडीच लाख दुकानांची.
समुद्रापलीकडून पैसा आला, पेपरात फोटो आला,
पूल ओलांडून ऑफिस बेटावर गेलं,
जिथे वीज गेलेली कळतसुद्धा नाही.
चार कॅनचे पैसे तिनं पहिल्याच आठवड्यात दिले,
वर एक नवा फोन, त्यात ते ॲप.

सिकिरूनं दोन दिवस भरलं सगळं.
नाव. रक्कम. तारीख.
तारीख उलटली की फोन स्वतःहून निरोप धाडतो,
आधी गोड, मग कमी गोड, मग लाल.
त्यानं इकडे दाबलं, तिकडे दाबलं,
वासिउला विचारलं, वासिउला सगळं येतं.
ठिपका द्यायला जागा नव्हती.

वासिउ, त्याचा शिकाऊ, आता छपरांवर असतो.
निळ्या काचा बसवतो, तळघरात बॅटऱ्या रचतो,
जितक्या दिवसांत सिकिरू एक पिस्टन बदलायचा
तितक्यात तो अख्खी इमारत मुकी करतो.
पैसे बरे मिळतात. येताना मासे आणतो.
"कानाला आराम पडला ना?" विचारतो.
पडला.

आज दुपारी वीज गेली तेव्हा
एकही दोरी ओढली गेली नाही.
काचांमागे पडदे उजळलेलेच,
बोटं चाललेली, कुणाची शेवटची, कुणाची पहिली,
बाहेरून सारखीच.
सिकिरू वही उघडून बसून होता.
मग रेल्वेच्या बाजूनं, कुठल्याशा मागच्या खोलीतून
एक ओढ. फुसकी.
दुसरी.
कुणीतरी चोक उघडायला विसरलंय,
नवखं आहे.
तो उठला, पाना घेतला,
आणि चालता चालता
ह्याला काय नाव द्यावं, ते शोधू लागला.